कासरा की वायर?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालतात, आणि कधीतरी त्यांच्याहून खूप उंचावरून एखादं एअरबस ए-३२० निघून जातं. दोन्ही विमानंच, पण हाकायची तऱ्हा निराळी.

लहान विमानात स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) ओढली की सळ्या-तारांमार्फत शेपटीची पट्टी थेट हलते. हा कासराच समजा. बैल अडला की हाताला कळतं, तशी वेग वाढला की स्टिक जड लागते, घटला की सैल पडते. विमान मोठं झालं की मात्र दंडातला जोर पुरत नाही. म्हणून बोइंग ७३७ मध्ये तारा आहेतच, पण जोर हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाचा.

१९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० मध्ये वैमानिक साइडस्टिक (बाजूला बसवलेली छोटी स्टिक) हलवतो ती फक्त विनंती. वायरीतून सिग्नल संगणकांकडे जातो आणि पट्टी किती वळवायची ते संगणक ठरवतात. सगळं ठीक असताना नाक धोकादायक कोनापर्यंत उचलू देत नाहीत. वजन वाचतं, चूक अडते. पण दोन वैमानिकांच्या साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. शेजारचा काय करतोय ते हाताला कळत नाही. हे मला खटकतं.

आपलं तेजस हे लढाऊ विमान तर मुद्दाम अस्थिर बनवलंय, चपळाईसाठी. त्याला क्षणोक्षणी संगणकच सावरतो, तिथं कासरा चालणारच नाही.

शिकायला मात्र मी कासऱ्याचंच विमान निवडीन.