शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची दोन वर्षे : एका पालकाचे परीक्षण

आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत येत्या पालक सभेत व्यवस्थापन समितीची पुनर्रचना होणार असून विद्यमान अध्यक्षताई दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभ्या राहत आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणारे हे लहान गाव आहे, शाळा पहिली ते सातवीपर्यंतची आहे आणि पट शंभराच्या आतला आहे. माझी मुलगी याच शाळेत चौथीत शिकते. दोन वर्षांपूर्वी मी ताईंच्या विरोधात हात वर केला होता. त्यांना शाळेच्या कारभाराची माहिती नाही, असे तेव्हा माझे मत होते. ते मत किती बरोबर ठरले आणि किती चुकले, हे गावातील व आसपासच्या गावांतील पालकांपुढे मांडावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

पुष्कळ पालक या समितीला पंधरा ऑगस्टला खुर्चीवर बसण्याचा मान समजतात, म्हणून तिचे अधिकार आधी सांगणे आवश्यक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत अशी समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि समितीचे बँक खाते या दोघांच्या संयुक्त सहीने चालते. म्हणजे अध्यक्षाच्या सहीवाचून शाळेच्या अनुदानातील रुपयाही हलू शकत नाही. हा अधिकार एका कास्तकार कुटुंबातील बाईच्या हाती येणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे तो तिने कसा वापरला, हे तपासणे हा तिचा अपमान नसून पालकांचे कर्तव्य आहे.

ताईंचे सर्वांत मोठे काम कापूस वेचणीच्या दिवसांतले आहे, आणि माझे मत बदलले तेही याच कामामुळे. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटू लागतो आणि पहिल्या वेचणीपासून पऱ्हाटी उपटेपर्यंत घरातील प्रत्येक हात वावरात लागतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने आई जितका वेळ वावरात थांबेल तितके पैसे हाती येतात. या दिवसांत शाळेतून कमी होतात त्या प्रामुख्याने पाचवी ते सातवीच्या मुली. त्या सगळ्याच कापूस वेचायला जातात, असा माझा आणि बहुधा गुरुजींचाही समज होता. ताईंनी पहिल्या वर्षीच्या दिवाळीनंतर दर शनिवारी हजेरीपटावरून गैरहजर मुलांची यादी उतरवून घेतली आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन कारण विचारले. तेव्हा असे दिसले की बहुतेक मुली वावरात नसून घरी होत्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. तीन वर्षांपुढची मुले अंगणवाडीत जातात, परंतु त्याहून लहान बाळाला वावरातील धुऱ्यावर झाडाच्या सावलीत निजवण्यापेक्षा मोठ्या मुलीजवळ घरी ठेवणे आईला सुरक्षित वाटते. तिला दोष देता येणार नाही.

कारण कळल्यावर ताईंनी आयांना उपदेश केला नाही. गावातील एका वयस्क आजींना त्यांनी तयार केले, समाजमंदिराची एक खोली ग्रामपंचायतीकडे मागून घेतली आणि वेचणी संपेपर्यंत लहान बाळांना तेथे ठेवण्याची व्यवस्था केली. प्रत्येक घरातून आजींना ज्वारी किंवा तूरडाळ देण्याचे ठरले. माझ्या पुतणीच्या वर्गातील तीन मुली पहिल्या वर्षी दिवाळीनंतर जवळजवळ महिनाभर शाळेत दिसल्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षी त्या येत राहिल्या. बाजाराच्या दिवशी त्यांची दांडी अजूनही असते आणि जानेवारीत आजी आजारी पडल्या तेव्हा आठवडाभर सारे पूर्ववत झाले होते, हेही नमूद केले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. आमच्या गावात मुलगी शाळेतून निसटते ती नेमकी याच वयाच्या आसपास. तिला आमच्या शाळेत प्रत्यक्ष थांबवून धरणारी पहिली व्यवस्था ताईंनी उभी केली. ती करण्यासाठी त्यांना कोणत्याही योजनेचा निधी मिळालेला नव्हता, आणि तरीही त्यांनी ती करून दाखवली, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

पोषण आहाराच्या बाबतीतही फरक पडला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावीपासून पुढच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ शिजवून मिळावा, तसेच अनुक्रमे ४५० व ७०० उष्मांक आणि १२ व २० ग्रॅम प्रथिने त्या ताटातून मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. अन्न मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चाखून चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. पूर्वी ही वही महिनाअखेरीस एकाच शाईने भरली जात असे. ताई आठवड्यातून दोनदा तरी जेवणाच्या सुटीआधी शाळेत येतात, तांदूळ समोर मोजून घेतात, वरण चाखतात आणि शेरा स्वतः लिहितात. ‘वरण पातळ’, ‘वाटाण्यात खडे’ असे त्यांचे शेरे मी वाचले आहेत. मात्र एकदा त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मुलांच्या देखत जे शब्द ऐकवले, ते अध्यक्षपदाला शोभणारे नव्हते. त्या बाई तुटपुंज्या मानधनावर धुरात उभ्या राहून स्वयंपाक करतात, आणि डाळ किती यायची हे त्यांच्या हाती नसते. ताईंनी नंतर त्यांच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केल्याचे ऐकले. मुलांनी रागावणे पाहिले होते, दिलगिरी पाहिली नाही.

गणवेशाविषयी थोडक्यात सांगतो. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकसारखा गणवेश देण्याच्या धोरणामुळे खरेदी समित्यांकडून काढून घेण्यात आली होती आणि पुढच्या वर्षापासून ती पुन्हा समित्यांकडे आली. ताईंनी गावातील दोन शिवणकाम करणाऱ्या महिलांना मापे घ्यायला लावली. विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. २०२५ साली राज्यात इतरत्र १६ जूनला आणि आमच्याकडे २३ जूनला शाळा सुरू झाली. हाती आलेल्या त्या आठवड्याचा त्यांनी चांगला उपयोग केला. माझ्या मुलीचा सदरा तिच्या अंगाला बसतो.

आता उणिवांकडे वळतो. त्या लहान नाहीत.

पहिली उणीव हिशेबाची आहे. समग्र शिक्षा योजनेखाली आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मंजूर असते आणि त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी खर्च करायचा असतो. पहिल्या वर्षी ताईंनी पालक सभेत हिशेबाचा कागद स्वतः वाचून दाखवला होता. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसली, पाण्याची टाकी आली आणि थकलेले वीजबिल भरले गेले, हे सर्व रकमेसह सांगितले गेले. दुसऱ्या वर्षी मात्र हिशेब वाचला गेला नाही. विचारणा केली तेव्हा ‘पैसे उशिरा आले, पावत्या मुख्याध्यापकांजवळ आहेत’ असे उत्तर मिळाले. ताईंनी एक रुपयाही वाकडा केला असेल, असे मला वाटत नाही आणि गावातही तसे कोणी म्हणत नाही. परंतु हिशेब मागणाऱ्याला आपल्यावर संशय घेतला असे वाटू देणे, हीच चूक आहे. प्रामाणिक माणसाने वाचलेला हिशेब पुढच्या अप्रामाणिक माणसालाही वाचावा लागतो. ही प्रथा त्यांनी सुरू केली होती आणि त्यांनीच ती मोडली.

दुसरी उणीव विकास आराखड्याची आहे. कायद्याच्या कलम २२ नुसार समितीने हा आराखडा तयार करायचा असतो आणि शासनाचे नियोजन व अनुदान यांना तो आधारभूत मानला जातो. आमच्या शाळेचा आराखडा कार्यालयात जुन्या प्रतीवरून लिहिला गेला आणि ताईंनी त्यावर सही केली. तिसरीच्या वर्गाचे छत दर पावसाळ्यात गळते, मुलांना व्हरांड्यात दाटीने बसवावे लागते, हे ताईंना आमच्याहून चांगले माहीत आहे. त्यासाठी त्या पंचायत समितीत दोनदा जाऊन आल्या, परंतु दोन्ही वेळा तोंडी बोलून परतल्या. आराखड्यात त्या छताचा उल्लेखच नसल्याने मागणी कशाच्या आधारे पुढे न्यायची, हा प्रश्न तसाच राहिला. माणसांना भेटून काम करून घेण्याची त्यांची हातोटी मोठी आहे. गावात ती चालते, पण तालुक्याच्या ठिकाणी कागद लागतो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव अशी की बारा जणांची समिती दोन वर्षे एकट्या ताईंनी चालवली. सभा दरमहा सकाळी अकरा वाजता ठेवली जाते. त्या वेळी समितीतील निम्म्याहून अधिक स्त्रिया वावरात असतात आणि इतिवृत्ताच्या नोंदवहीवर त्यांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. मी ती वही मागून वाचली. दोन वर्षांच्या इतिवृत्तात ताई वगळता एकाही महिला सदस्याने मांडलेला मुद्दा मला सापडला नाही. सभा शाळेच्या वेळेतच झाली पाहिजे, असा आग्रह ताईंचा नव्हता, हे मान्य. पण ती वेळ बदलून घेणे त्यांच्या अधिकारात होते. पाळणाघराची कल्पना ज्या आयांच्या बोलण्यातून निघाली, त्यांनाच सभेत बोलायला जागा मिळू नये, याचे मला वाईट वाटते.

ताईंच्या विरुद्ध उभे असलेले एक पालक सज्जन आहेत. पहिलीपासून सेमी-इंग्रजी आणि शाळेला नवे प्रवेशद्वार ही त्यांची दोन आश्वासने आहेत. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पिवळ्या गाडीत दरवर्षी आमच्या गावची आणखी मुले बसत आहेत, आणि ३० सप्टेंबरची पटसंख्या घसरली की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाते, ही त्यांची काळजी पूर्णपणे रास्त आहे. परंतु सेमी-इंग्रजी वर्गात गणित कोण आणि कसे शिकवणार, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. वेचणीच्या दिवसांत घरी राहणाऱ्या मुलीविषयी तर ते काहीच बोलले नाहीत. मी त्यांना घरी जाऊन विचारले होते. ‘ते काम बायकांचे आहे’ असे ते म्हणाले. त्यानंतर माझा निर्णय कठीण राहिला नाही.

म्हणून या वेळी मी ताईंच्या बाजूने हात वर करणार आहे. त्याआधी दुसऱ्या वर्षाचा हिशेब सभेत वाचला जावा आणि तिसरीच्या छताचा उल्लेख असलेला नवा आराखडा दिवाळीपूर्वी समितीने एकत्र बसून लिहावा, या दोन मागण्या मी लेखी देणार आहे. ताईंना त्या आधीच कळवल्या आहेत. त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि पावत्यांची फाइल मुख्याध्यापकांकडून मागवून घेते, असे सांगितले.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घेणे जरुरीचे आहे. ताईंचा मुलगा आता सातवीत आहे. तो वर्षाअखेर शाळेतून बाहेर पडला की पालक म्हणून त्यांचे सदस्यत्व संपेल आणि समितीची दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच अध्यक्षपद रिकामे होईल. त्यामुळे उपाध्यक्षपदाची निवड या खेपेला तितकीच महत्त्वाची आहे. पाळणाघरासाठी घरोघरी फिरून ज्वारी गोळा करणाऱ्या आणि आजी आजारी असताना स्वतःची मजुरी बुडवून दोन दिवस बाळांजवळ बसलेल्या एका आईचे नाव मी सुचवणार आहे. तिची मुलगी दुसरीत आहे. मी आणि माझी पत्नी तिला विचारायला गेलो, तेव्हा तिने बराच विचार करून होकार दिला. वेचणी सुरू असेपर्यंत समितीची सभा संध्याकाळी सातनंतर घ्यावी, एवढीच अट तिने घातली आहे.