मैत्री मंडळाची वर्षभराची मेंबरशिप घेतली, अनुभव लिहितेय (५ पैकी साडेतीन)

मंडळाचं नाव मुद्दाम लिहित नाहीये, पुण्यातलं भारत-जपान मैत्रीवालं आहे एवढं पुरे, कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि तिथली माणसं मला रस्त्यात भेटतात.

आधी मी यात कशी पडले ते सांगते. मुलगा कंपनीकडून तोक्योला गेला, निशीकसाईला राहतो, म्हणजे एदोगावा वॉर्ड. तिकडे भारतीय इतके आहेत की २०१९ ला वॉर्डाच्या असेंब्लीवर आपला योगेंद्र पुराणिक निवडून आला होता. तर म्हटलं रिटायर झालोच आहोत, व्हिडिओ कॉलवर नुसतं जेवलास का विचारण्यापेक्षा चार गोष्टी आपल्याला पण कळू देत, आणि भरले वर्षाचे पैसे.

मेंबर झालं की दर दोन महिन्यांनी पीडीएफ येते, बातम्या आणि आगामी कार्यक्रम. आता हे आगामी म्हणजे काय ते ऐका. हिनामात्सुरी हा तिकडचा मुलींचा सण, ३ मार्चला असतो, राजा राणी आणि दरबाराच्या बाहुल्या पायऱ्या पायऱ्यांवर लाल कापड घालून मांडतात, अगदी आपल्या गौरीपुढच्या आराशीसारखं. तर मंडळाने अशी मांडणी केली होती आणि त्याचं आमंत्रण मला मिळालं ५ मार्चला. आगामी कसलं, गेलेगामी! फोन केला तर पलीकडचे काका म्हणाले, अहो ताई व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं होतं की. आता मला ग्रुपवर घेतलंच नव्हतं तर मी कुठे बघणार. मग घेतलं, आणि ग्रुपवर रोज चाळीस गुड मॉर्निंग, त्यात कार्यक्रमाची तारीख शोधायची म्हणजे तांदळातला खडा.

पण त्या पीडीएफमधले लेख मात्र झकास असतात हां, हे सांगायलाच पाहिजे. एका अंकात जपानमधल्या गणपतीवर होतं. तिकडे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, कितीतरी ठिकाणी हत्तीच्या डोक्याच्या दोन मूर्ती एकमेकांना मिठी मारलेल्या, आणि सहसा मूर्ती बंदच ठेवतात, दर्शनाला उघडत नाहीत. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे तिथे नैवेद्याला चक्क मुळा वाहतात. मी मुलाला लगेच पाठवलं जाऊन ये म्हणून, तो गेला आणि मुळ्याचा फोटो पाठवला. आमची सरस्वती पण तिकडे आहे, बेन्झाइतेन नावाने, हातात वीणेऐवजी बिवा, म्हणजे तिकडचं तंतुवाद्य. आणि कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या युनिव्हर्सिटीत बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला, हे मला माहितीच नव्हतं, तुम्हाला होतं का?

कार्यक्रमांपैकी सगळ्यात आवडला तो चहाचा. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या असतील, आवाज बारीक पण एक शब्द वाया नाही. आधी गोड खायचं मग चहा, कारण माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, कडू असतो. तो बांबूच्या चासेनने घुसळतात, आपण रवी दोन तळहातात फिरवतो तसं नाही, मनगटाने झपझप मागेपुढे. वाडगा हातात आला की थोडा फिरवून घ्यायचा, त्याची दर्शनी बाजू तोंडाला लावायची नाही. आणि बसायचं सेइझामध्ये, म्हणजे आपलं वज्रासन. आमच्या बॅचच्या आयटीवाल्या पोरांचे पाय दहा मिनिटात मुंग्या येऊन गेले, आणि आम्ही योगाक्लासवाल्या बायका मस्त बसलो होतो 😄 या एका दुपारसाठी मेंबरशिपचे पैसे वसूल.

दुसरा, सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातला फेरफटका. तिथे मी वीस वेळा तरी गेलेय, पण नीट बघितलं यांच्याबरोबरच. ते जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे, म्हणून तर त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान पण म्हणतात. मूळ बाग १७०० साली पुरी झाली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. लांबचा डोंगर पण आपल्याच बागेचा भाग वाटावा अशी रचना करतात म्हणे, त्याला उसनं दृश्य म्हणतात. मी लगेच मान वळवून पर्वती शोधायला लागले.

तानाबाता मात्र फसला. ७ जुलैचा सण, वर्षातून एकदाच भेटणाऱ्या दोन ताऱ्यांचा, ते तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. रंगीत कागदावर इच्छा लिहून बांबूला बांधायची. पाऊस पडला तर त्यांची भेट होत नाही म्हणतात, आणि पुण्यात ७ जुलै, म्हणजे बघा. बांबू ठेवला होता हॉलच्या बाहेर गॅलरीत, शाईपेनाने लिहिलेल्या सगळ्या इच्छा वाहून गेल्या, माझी सुनेबद्दलची पण. सेंदाईला हाच सण ऑगस्टमध्ये करतात, तसा करायला हवा होता, पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये तरी कुठे उघडतं म्हणा.

आता ज्यांची मुलं जपानी शिकतायत त्यांच्यासाठी महत्त्वाचं. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, पुण्यात होते, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार, एन५ या सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात. मंडळ सराव परीक्षा घेतं ती छान असते, पेपर तपासून चुका समजावून देतात, कोणी उगाच हसत नाही, मी दिलीय म्हणून सांगते. पण खऱ्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा हे यांच्या पीडीएफवर सोडू नका, स्वतः बघत जा. भाचीला यांच्याकडून कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती.

जागा लहान, पार्किंग नाही, रिक्षानेच जा. सभासदांना कार्यक्रमानंतर मिळणारा चहा मात्र आपला आल्याचा असतो.

रिन्यू केलीय. पावती दोन महिने झाले अजून आलेली नाही, पुढच्या आगामीबरोबर येईल बहुतेक.