उद्यम नोंदणीला पाच तारे, सर्वेक्षणाला तीन

दारव्हा तालुक्यात माझी मिनी डाळमिल आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेल्या मॉडेलची. आम्ही नणंद-भावजया आणि सीझनला दोन बाया, एवढाच कारभार.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी. मोबाईलवर आधारचा ओटीपी आला, डाळमिलचा 10613 हा कोड निवडला, झालं. कागद जोडायचा नाही, फी नाही. 1 जुलै 2020 पासून हे असंच फुकट आहे, म्हणून यासाठी कोणी पाचशे मागितले तर देऊ नका.

यंदा फेब्रुवारीत लहान धंद्यांच्या सरकारी सर्वेक्षणाची ताई टॅब घेऊन आली. तुरीला तेल-पाणी लावून वाळवण घातलं होतं, आभाळ भरून आलेलं. तरी तिला चहा दिला, पाऊण तास बसले. कामगार किती, बाया किती, खर्च, उधारी, इंटरनेट वापरता का, सगळं तिनं नीट विचारलं. पोरगी फार समजूतदार. पण सरकारी कामात तुमचा वेळ कुठं जातो, हे त्यात कुठंच नव्हतं.

मीच सांगितलं. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, दरवर्षी करावं लागतं. ते व्हायलाच पाहिजे, गिऱ्हाईकाचा विश्वास त्यावरच आहे. पण मागच्या वर्षी तीन फेऱ्या झाल्या. काटा गाडीवर बांधून न्यायचा, साहेब दौऱ्यावर, परत आणायचा. काटा नाही म्हणून दोन दिवस मिल बंद.

ती म्हणाली, “ताई, हे कुठी भरू? रकानाच नाही.”

महाराष्ट्राचा दुकान कायदा 2017 चा आहे. दहापेक्षा कमी कामगार असले की नोंदणीऐवजी नुसती सूचना दिली तरी चालेल, अशी सोय त्यात तेव्हाच झाली. म्हणजे नियम सोपा करता येतो, पण आधी लहान माणसाला विचारावं लागतं. धंदा करणं कुठं सोपं, या जागतिक बँकेच्या यादीत भारत 63 वा आला तेव्हा माहिती मुंबई-दिल्लीच्या वकील-हिशेबनीसांकडून घेतलेली होती. ती यादी 2021 मध्ये बंदच झाली.

आणखी एक. एप्रिल 2025 पासून सरकारच्या वर्गवारीत 10 कोटींपर्यंत उलाढालवालाही ‘सूक्ष्म’ उद्योग आणि मीही सूक्ष्मच. दोघांच्या उत्तरांची सरासरी काढली तर माझा काटा त्यात दिसणार कसा? आमच्यासारख्यांचा गट वेगळा मोजा, फेऱ्या आणि बुडालेले दिवस विचारा, आणि फेब्रुवारीऐवजी पावसाळ्यात या. तेव्हा मिल बंद असते, दोन तास बसेन.

तीन तारे त्या पोरीचे आहेत. जाताना तिनं माझी काट्याची गोष्ट स्वतःच्या वहीत लिहून घेतली.