एडिंबर्गचा मफलर: कापडाला पैकीच्या पैकी, चिठ्ठीला नाही

एडिंबर्गच्या रॉयल माइल या रस्त्यावरच्या एका दुकानातून अप्पांसाठी लोकरीचा मफलर घेतला. मॅकेन्झी टार्टन, म्हणजे स्कॉटलंडच्या मॅकेन्झी घराण्याच्या नावाचा रंगीत चौकड्यांचा नमुना, 35 पौंड. इचलकरंजीत आमचे माग होते, त्यामुळे कापड हातात आलं की मी आधी उलटं करून बघते. दोन्ही बाजू सारख्याच, किनारीला एकही धागा सुटलेला नाही. वीण ट्विलची. आडवा धागा दोन उभ्यांवरून जातो, पुढच्या दोहोंखालून जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो. म्हणून निळ्यावर निळा आला तिथे रंग भरीव दिसतो आणि निळ्यावर हिरवा आला तिथे बारीक तिरक्या रेघा उमटतात. सूत पाचच रंगांचं, पण पाचांच्या मिळून छटा पंधरा होऊ शकतात. मफलर खिडकीपाशी नेऊन बघा, दुकानातल्या दिव्याखाली हे कळत नाही.

माझी तक्रार सोबतच्या चिठ्ठीबद्दल आहे. मॅकेन्झी घराणं प्राचीन काळापासून हाच नमुना वापरतंय, असं तिच्यावर छापलंय. तसं नाहीये. निळा-काळा-हिरवा हा मूळ चौकडा ब्लॅक वॉच पलटणीचा, म्हणजे सरकारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅकेन्झींनी स्वतःच्या पलटणी उभ्या केल्या, त्यांच्यासाठी त्यात पांढरी आणि लाल रेघ आली. त्यांतलीच 78वी हायलँडर्स 1803 साली आपल्या जालना जिल्ह्यात, असईला, शिंदे-भोसल्यांशी लढली. त्याआधी, सरकारी फौजेने बंडखोरांना हरवलं त्या कलोडनच्या लढाईनंतर, 1746च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टन घालायची बंदी झाली होती. ती उठली 1782 साली. फौजेला तेवढी सूट होती, म्हणून हे नमुने पलटणींत चालू राहिले. घराण्यागणिक वेगळं टार्टन ही पद्धत रुजली ती बरीच नंतर, 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबर्गला आला त्या सुमारास.

हा इतिहास चिठ्ठीवरच्यापेक्षा कितीतरी भारी आहे. तोच छापायला हवा होता, कारण घेणारा माणूस ती चिठ्ठी जपून ठेवतो.

अजून एक. लेबलवर 'एन्शंट' दिसलं तर नमुना जुना आहे असं समजू नका. पूर्वीच्या झाडपाल्याच्या रंगांसारख्या फिकट छटांना ते नाव आहे. 'मॉडर्न' म्हणजे गडद. मी गडदच घेतला. अप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ते म्हणाले, "जरा जवळ धर, किनार बघू दे."