हरिकेन येतंय: निघायचं, थांबायचं, की जवळच कुठेतरी सरकायचं?

टीव्हीवरच्या नकाशात हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळाचा, संभाव्य मार्ग दाखवणारा तो शंकू दिसू लागला की अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या घरांत वाद सुरू होतो. एक जण बॅगा खाली काढतो, दुसरा म्हणतो, "कॅटेगरी दोनचंच तर आहे!" माझ्या मते वाद इथेच भरकटतो. कॅटेगरी (एक ते पाच) फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाण्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. 2008 साली 'आइक' टेक्ससमध्ये गॅल्व्हस्टनला धडकलं तेव्हा ते कॅटेगरी दोनचंच होतं, तरी शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर घरांच्या रांगाच्या रांगा उधाणात, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर लोटलेल्या समुद्राच्या पाण्यात, वाहून गेल्या. शंकूबद्दलही असाच गैरसमज आहे. वादळाचा मध्य कुठून जाऊ शकतो तेवढंच तो दाखवतो. धोक्याची हद्द त्याच्या बरीच बाहेर असू शकते.

म्हणून आधी आपल्या काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) नकाशात पत्ता टाकून स्थलांतराचा झोन, म्हणजे धोका वाढल्यावर रिकामा करायचा भाग, पाहा. पूरविम्याचा झोन वेगळा असतो, त्यात गल्लत नको. झोन रिकामा करण्याचा आदेश निघाला असेल किंवा तुम्ही मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल, तर पुढची तुलना तुमच्यासाठी नाहीच. निघा.

बाकीच्यांसाठी मात्र प्रश्न खरंच अवघड आहे.

थांबण्याच्या बाजूने बोलायचं तर घर उंचावर असेल, बांधकाम पक्कं असेल, खिडक्यांना शटर असतील आणि घरात सगळे धडधाकट असतील, तर थांबणं हा वेडेपणा नव्हे. रस्त्यावरची एक गाडी कमी होते, हेही आहेच. पण थांबायचं म्हणजे वादळाची एक रात्र काढायची, असा हिशेब करू नका. खरी परीक्षा नंतरच्या आठवड्याची असते. वीज नाही, एसी नाही, फ्रिजमधलं इन्सुलिन गरम होतंय, ऑक्सिजनचं मशीन बंद. 2017 मध्ये 'इर्मा' येऊन गेल्यावर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात एसी बंद पडून 12 जण दगावले, आणि ते वारा शांत झाल्यानंतर. 2020 च्या 'लॉरा'नंतर लुइझियानात अनेक जीव जनरेटरच्या विषारी धुराने गेले. गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब हवा. शिवाय वारा ताशी 40 मैलांच्या आसपास गेला की बऱ्याच ठिकाणी बचावाच्या गाड्या बाहेर पडणं थांबवतात. त्यानंतर फोन लागला तरी लगेच कुणी येईलच असं नाही.

लांब निघून जाण्याचीही किंमत असते, आणि ती फक्त हॉटेलच्या बिलाची नसते. सप्टेंबर 2005. न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या 'कॅट्रिना'ला महिनाही झाला नव्हता आणि 'रिटा' येत होतं. टेक्ससमधलं घाबरलेलं ह्यूस्टन एकदमच बाहेर पडलं, आसपासचे धरून 25 लाखांहून जास्त लोक. उन्हाच्या काहिलीत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, पेट्रोल पुरावं म्हणून लोक एसी बंद करून बसले होते, पंप कोरडे पडले होते. वृद्धांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागून 23 जण गेले. आणि 'रिटा' ऐन वेळी पूर्वेला वळलं! त्यांपैकी बरेच लोक तर उधाण पोहोचेल अशा भागात राहतच नव्हते. पुढे 2017 मध्ये 'हार्वी'च्या वेळी ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर रिकामं करायला सांगितलं नाही, तेव्हा पावसाने शहर बुडालं. बरोबर काय होतं, यावर तिथले लोक अजून भांडतात.

लांब म्हणजे सुरक्षित, असंही नाही. 2024 च्या 'हेलीन'ने समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या डोंगराळ भागात हाहाकार केला.

माझं मत तिसऱ्या पर्यायाकडे झुकतं, ज्याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात: झोनच्या बाहेर, उंचावर राहणाऱ्या मित्राकडे जाणं. फ्लोरिडातले अधिकारीही हेच सांगतात की शेकडो मैल नको, दहा-वीस मैल पुरेत. पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. मित्र नसेल तर सरकारी निवारा. पण तिथे अंथरूण, औषधं, कानात घालायचे बोळे आपले आपणच न्यायचे, आणि कुत्रा-मांजर घेतात का हे आधी विचारायचं.

वेळेचं गणित मात्र कुणालाच टाळता येत नाही. हरिकेनचा 'वॉच' (वादळ येऊ शकतं असा इशारा) वादळी वारे सुरू होण्याच्या साधारण 48 तास आधी निघतो, 'वॉर्निंग' (वादळ येण्याची अपेक्षा आहे असा इशारा) 36 तास आधी. 2022 च्या 'इयन'च्या वेळी लोकांचं लक्ष फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराकडे होतं, पण वादळ धडकलं त्याच्या दक्षिणेला, फोर्ट मायर्सच्या बाजूला. फोर्ट मायर्स ज्या काउंटीत येतं तिथे सक्तीचा आदेश 27 सप्टेंबरच्या सकाळी निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ किनाऱ्यावर होतं. घरात आजी-आजोबा, तान्हं बाळ किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर आदेशाची वाट पाहू नका, वॉच लागताच हला. धडधाकट जोडप्याला वॉर्निंगपर्यंत थांबणं परवडतं, पण गाडीची टाकी तोवर भरलेली हवी.

निघताना प्रत्येक खोलीत फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. साध्या घरविम्यात पुराचं पाणी धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा असतो आणि नवीन घेतला तर सहसा 30 दिवसांनी लागू होतो. पत्त्याचा पुरावा पाकिटातच राहू द्या. परतताना नाक्यावरचा पोलीस तोच मागेल.