अंगावरचा बाळकृष्ण: सहा महिन्यांच्या वापरानंतर

लेकाच्या बारशाला नणंदेने तीन रोम्परचा, म्हणजे बाळाच्या एकसंध कपड्यांचा, संच दिला. तिन्हींवर मोठे कलात्मक फोटो. एकावर काळोखात समईची एकच ज्योत, दुसऱ्यावर झिजलेला दगडी नंदी, तिसऱ्यावर रांगणारा पितळी बाळकृष्ण. फोटो फार देखणे आहेत. वर्षानुवर्षं घासलेल्या मूर्तीचा गुडघा उजळतो, तसा त्या बाळकृष्णाचा गुडघा चमकताना दिसतो. एप्रिल ते सप्टेंबर हे कपडे आलटूनपालटून घातले.

शिवण चांगली आहे. एकही टिचबटण निघालं नाही. खांद्यावर कापडाच्या दोन पाकळ्या एकमेकींवर येतात, त्यामुळे शी पाठीपर्यंत गेली तर रोम्पर डोक्यावरून न काढता पायांकडून ओढून काढता येतो. रात्री दोन वाजता याचं मोल कळतं.

खरा फरक छपाईत निघाला. समईच्या रोम्परवर शाई सुतात मुरलेली आहे, हात फिरवला तर कापडच लागतं. धुवून धुवून काळा रंग राखाडी झाला, ज्योत मात्र अजून तशीच आहे. नंदी पॉलिस्टरवर छापलाय. रंग जराही उडाला नाही, पण बडोद्याच्या मे महिन्यात पॉलिस्टर बाळाला घालवेना. बाळकृष्ण सुती कापडावर, पण तो चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकच्या थराचा. त्यातून हवा जात नाही. पारा बेचाळिशीला टेकला त्या आठवड्यात बाळाच्या छातीवर घामोळं उठलं, आणि ते नेमकं फोटोच्या चौकोनाएवढं. बाजूची कातडी स्वच्छ होती. ती लाल चौकट बघून मला रडू आलं. पुढे कापड आटलं, थर आटला नाही. देवाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या पडून भेगा गेल्या.

घेण्याआधी छापावर पाण्याचा थेंब टाकून बघा. मुरला तर ठीक. मोत्यासारखा वर राहिला तर उन्हाळ्यात तो कपडा नकोच. लेबलवर ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 (कापड घातक रसायनांसाठी तपासल्याचं प्रमाणपत्र) असेल तर वर्ग 1 आहे का ते पाहा, तो तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतो. धुताना उलटा करा, छापावर थेट इस्त्री नको.

आता सासूबाईंचं म्हणणं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, देवाच्या तोंडावर लाळ गळणार, खालून ओलं होणार. मला नाही बघवत." मला तेव्हा ते जुनाट वाटलं. रविवर्म्याने 1894 मध्ये छापखाना काढला आणि देव घरोघरच्या भिंतीवर आले. त्याची मूळ चित्रं आपल्या बडोद्याच्या फतेहसिंग म्युझियममध्ये आहेत. भिंतीवर चालतात तर बाळाच्या छातीवर का नाही, असं मी म्हणायची. पण त्या छापील देवींना लोक हौसेने खरी जरतार आणि टिकल्या लावून सजवायचे. तिथे देवाला कपडे होते. इथे देवच कपड्यावर, आणि तो कपडा लंगोटांबरोबर बादलीत. भिजवताना माझाच हात थांबायला लागला. मग बाळकृष्ण वेगळा धुवायचा, दोरीवर वरच्या बाजूला वाळवायचा, असं आपोआप ठरलं. समईच्या बाबतीत हे कधीच झालं नाही. म्हणून माझं मत: ज्योत, तुळशीवृंदावन, देवळाची पायरी असे फोटो जरूर घ्या, देवाचा चेहरा असलेला कपडा फार तर एखाद्या समारंभापुरता ठेवा.

कपडे लहान झाल्यावर आणखी अडचण येते. आपल्याकडे बाळाच्या जुन्या कपड्यांची फडकी होतात, पायपुसणी होतात. बाळकृष्णाचं काय करायचं? समई जावेच्या मुलीला दिली. बाळकृष्ण महिनाभर कपाटात पडून होता. परवा सासूबाईंनी तो मागून घेतला, छातीचा तुकडा कापला, आतून मलमलीचं अस्तर लावलं आणि स्वतःच्या जपमाळेसाठी पिशवी शिवली. भेगा तशाच आहेत. रोज सकाळी देवघरासमोर त्यांच्या मांडीवर असते, आणि लेक रांगत जाऊन तिची नाडी ओढतो.