पाकिटावरचा बास आणि आपल्या बंधाऱ्यातली मरळ

परवा भाच्यानं मोबाईल पुढं धरला. तीस नगांचा लुअरचा, म्हणजे माशाला फसवणाऱ्या नकली आमिषांचा डबा, सवलतीत. "मामा, घेऊ का?" डब्यावर जबडा वासलेला हिरवट मासा छापलेला. हा लार्जमाउथ बास, मूळचा उत्तर अमेरिकेतला. आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेत, रंकाळ्यात, कळंब्यात तो आयुष्यभर गळ टाकून बसलात तरी लागायचा नाही. पण बाजारात मिळणारी बरीचशी कृत्रिम आमिषं त्यालाच डोळ्यांपुढं ठेवून बनवलेली असतात. तेव्हा कुठलं लुअर भारी, हे नंतर बघू. आधी आपल्या पाण्यात बासासारखं वागतंय कोण, ते बघायला पाहिजे.

ती मरळ. बास काय, मरळ काय, दोघंही पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसणारे. तोंडापुढून काही सळसळत गेलं की झडप. फरक एवढाच की मरळीला हवा घ्यायला वर यावं लागतं. सकाळी पाणी निवांत असलं की केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या फटीत 'बुळूक' होतं आणि कडा हलतात. आमिषाच्या निवडीआधी ही जागा हेरायला शिकलं तर निम्मा खर्च वाचतो.

आता ज्याला रोहू-कटलाच पाहिजे, त्यानं लुअरच्या नादाला लागूच नये. हे मासे झडप घालणारे नव्हेत. त्यांना पीठ लागतं. भिजवलेली शेंगपेंड, थोडी कणीक, गोळा घट्ट मळलेला. सैल झाला तर फेकतानाच गळावरून सुटतो आणि आपण अर्धा तास रिकाम्या गळाकडं बघत बसतो. खोली मात्र माशाप्रमाणं: कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पिठानं तिघं लागतात, दोरीवरच्या तरंगाची (फ्लोटची) उंची बदलावी लागते. खर्च शंभराच्या आत. पण बूड टेकून बसायची तयारी पाहिजे, आणि भाच्याकडं तेवढी एक गोष्ट नाही.

गांडुळाला मी कमी लेखणार नाही. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतात, पाणी चहासारखं गढूळ, अशा वेळी नजरेवर चालणारं लुअर जवळजवळ आंधळं होतं. गांडूळ वासावर आणि वळवळीवर काम करतं. चिलापी लागते, वांब लागते, शिंगाळाही लागतो. म्हणजे काय लागेल ते आपल्या हातात नाही. आणि नव्या पाण्याला चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, तेव्हा मी स्वतः काठी गुंडाळून ठेवतो.

जिवंत आमिष की कृत्रिम, हा वाद अमेरिकेतही मिटलेला नाही. बासाचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर बरोबरीत आहे, दोन्ही मासे 10 किलोच्या किंचित वर. जॉर्ज पेरीनं 1932 मध्ये जॉर्जियात लुअरवर पकडला, मानाबू कुरिता यांनी 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात जिवंत ब्लूगिल माशावर. आपल्याकडं पूर्वी मरळीला जिवंत बेडूक लावायचे. ते आता विसरा. एक तर मोठे बेडूक वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, दुसरं म्हणजे रबरी बेडूक त्याहून सोयीचा आहे.

माझं सगळं माप त्या रबरी बेडकाच्याच पारड्यात. अंग पोकळ, दोन गळ पाठीला घासून वर वळलेले. त्यामुळं केंदाळावरून ओढला तरी अडकत नाही. माशानं दाबला की अंग चेपतं आणि गळ बाहेर येतात. घेताना अंगठ्यानं दाबून बघा. कडक असेल तर मासा तोंडात घेईल आणि तसाच थुंकेल. दहा-बारा फेकींनंतर आत पाणी शिरतं, बेडूक जड होऊन मागून बुडायला लागतो; पिळून पाणी काढायचं आणि परत फेकायचा. फेकला की लगेच ओढायचा नाही. पाण्यावरची वर्तुळं विरू द्या, मग दोन झटके, परत थांबा. मरळ 'गप्प' करून आली की हात आपोआप हिसका मारतो, आणि तिथंच नवखा चुकतो. बेडूक दिसेनासा होऊन दोरी ताणली गेली की मगच मारा. पहिल्या वर्षी माझ्या अशा किती गेल्या ते सांगत नाही. साधा तंगूस ओढला की लांबतो, केंदाळातून मरळ उपसताना ते नडतं; बेडकासाठी विणलेली दोरीच पाहिजे.

स्पिनर, म्हणजे फिरणारं चकचकीत पातं, हे मोकळ्या आणि वाहत्या पाण्याचं हत्यार. शिंगणापूर किंवा राजाराम बंधाऱ्यात बरगे घातले की वर पाणी तुंबून संथ होतं आणि खाली खळाळतं. वर कडेच्या केंदाळात बेडूक, खाली स्पिनर, इतकं सोपं आहे हे. स्विव्हेल (गरगर फिरणारी कडी) लावायला विसरू नका, नाहीतर दोरीला पीळ बसून रिळावर कोशिंबीर होते.

डब्यातले बाकीचे बरेचसे क्रँकबेट असतात, पुढं प्लास्टिकचा ओठ असलेले. ओढलं की तो ओठ पाणी कापतो आणि लुअर खाली सूर मारतं. दिसायला सगळ्यांत देखणे. पण पोटाखाली दोन तीन-तीन काट्यांचे गळ, आणि आपल्या तळाशी दगड, बुडालेल्या फांद्या, फाटकी जाळी. राधानगरी धरणासारख्या खोल, स्वच्छ पाण्यात ठीक. नदीत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला दोरी तोडायची वेळ येते, आणि ती तुटलेली दोरी पाखरांच्या पायात अडकते.

प्लास्टिकचं गांडूळ निक क्रीमनं ओहायोत 1949 साली बनवलं आणि बासाच्या जगात ते राजा झालं. गळाचं टोक त्याच्याच अंगात लपवून तळावरून हळूहळू सरकवायचं. आपल्याकडं मात्र माझी बरीचशी पाकिटं खेकड्यांनी आणि चिलापीनं शेपट्या कुरतडून संपवली. तेवढ्या पैशात खरी गांडुळं मिळतात, किंबहुना फुकट मिळतात.

तर भाच्याला सांगितलं, डबा नको. दोन बेडूक घे, एक हिरवट, एक काळा. पहाटे आणि संध्याकाळी काळ्याची आकृती वरच्या उजेडापुढं ठळक दिसते. एक मध्यम स्पिनर. उरलेले पैसे दोरीला घाल. तलाव असेल तर आधी मच्छिमार सोसायटीचा ठेका आहे का विचार, ठेका असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय गळ टाकू नकोस.

"आणि पाण्यावर तांबड्या पिल्लांचा झुबका दिसला तर?" त्यानं विचारलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की त्यात बेडूक टाकला की मरळ हमखास येते. येते, खरं आहे. खाली आई-बाप राखणीला असतात, भूक नसली तरी अंगावर येतात. ते उचलले की दिवसभरात तो झुबका बाकीचे मासे फस्त करतात. तिथं बेडूक टाकायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं तेव्हाच माझी जुनी काठी त्याच्या हातात दिली.